चिल आउटचा पाढा

आमचे इंग्रजीचे सर कधी बसत नसत. खर्डीच्या समाजमंदिरात क्लास दोन तास चाले. खुर्ची रिकामी, सर उभे. चहासुद्धा उभ्यानंच. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसलो की झोप येते रे, मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?"

शिकवायची रीत एकच: वाक्य पाढ्यासारखं सगळ्यांनी मिळून ओरडायचं, आवाज स्टेशनात पोचेपर्यंत. शहापूर-मुरबाडकडे रिसॉर्ट उगवलेत, तिथं नोकरीला इंग्रजी लागतं. म्हणून पाढा 'चिल आउट'चा. अर्थ सोपा: डोकं थंड ठेव, आराम कर. "पण वापर लक्षात ठेवा," सर बजावत. "दोस्ताला म्हणा. साहेबाला म्हणाल तर त्याच दिवशी घरी याल. साहेब मात्र तुम्हाला म्हणणार. बसलेल्यानं उभ्याला म्हणायचं, हा नियम."

मी तेव्हाही पत्रकं वाटायचो. 'आराम ही शहराची मक्तेदारी!' सर वाचून म्हणायचे, "उद्गारचिन्हं कमी कर, मुद्दा वाढव."

ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, शेणव्याकडच्या एका रिसॉर्टनं आमच्या शेतवाटेच्या गेटला कुलूप घातलं. रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन बायांनी टेकडीला वळसा घालायचा, तोवर रोपं माना टाकणार. आवणीवाल्या बायांतली यमुनाकाकी, सर आणि मी अर्ज घेऊन गेलो. मॅनेजर खुर्चीतून म्हणाला, "पाहुणे शांततेसाठी येतात. चिल आउट, सर!"

"काय बोल्ला वो?" काकीनं विचारलं.

"आराम करा म्हणतात," सरांनी सांगितलं.

"आवणीत? याला येडबीड लागलंय काय?"

दुसऱ्या सकाळी सरांनी अख्खा क्लास गेटाशी उभा केला. "म्हणा!"

"चिल आउट! चिल आउट!"

पाहुणे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. दुपारपर्यंत कुलूप निघालं.

आणि रिसॉर्टवाल्यांनी सरांच्या क्लासच्या मुलांना नोकरीवर घेणं बंद केलं. आई-बापांनी नावं काढली, क्लास मिटला. त्याच आई-बापांच्या रोपांच्या मुठी त्याच गेटातून जात होत्या, हे मी पत्रकात छापणार होतो. सर म्हणाले, "नको रे. त्यांना पोरांची नोकरी पायजे, त्यात चूक नाय." बहिणीकडे मुरबाडला जायला ते एसटीत चढले. गाडी रिकामी होती. सर उभेच.

यंदा आवणीला काकी रोपांचा भारा घेऊन गेटाशी आली. वॉचमन खुर्चीत मोबाइल बघत होता.

"उघड रे!"

"थांब गो काकी, पाहुणे झोपलेत."

"चिल आउट!" काकी डोक्यावरच्या भाऱ्याखालून गरजली.

तो उठला. सरांच्या नियमानं वापर साफ चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.