हरणाबाईच्या खोलीतली साठ गाठोडी

साताऱ्यात आमच्या चाळीत बिऱ्हाडागणिक एकच खोली, दहा बाय दहाची. माझ्या खोलीत आम्ही नवराबायको, चार भांडी आणि एक ट्रंक, तरी पाय पसरायची मारामार. शेजारच्या तेवढ्याच खोलीत हरणाबाईने साठ माणसांचे कपडे ठेवले होते. खोटं वाटत असेल तर येऊन मोजा, असं मी कचेरीत सगळ्यांना सांगायचो.

हरणाबाई एकटी. शिवणाच्या मशीनवर तिचं पोट. लढाई सुरू झाली आणि भरती झालेली पोरं ढगळ खाकी कपडे अंगाबरोबर करून घ्यायला तिच्याकडे येऊ लागली. खाकी चढवायची आणि आपलं धोतर, सदरा, मुंडासं तिच्याच हवाली करून जायची. परत आलो की नेतो, एवढंच बोलणं. गाव लांब, गाडी गाठायची घाई. तिला कुणालाच नाही म्हणता आलं नाही.

आधी मी चिडलो. एक जरी बोचकं व्हरांड्यात आलं तर मालकाकडे जायचं, असं ठरवून बसलो होतो. पण ते काही आलं नाही. तिने आढ्याला वेळू टांगले आणि गाठोडी पोरांच्या गावाकडच्या रस्त्यांप्रमाणे लावली. खिडकीकडे मेढ्याची, मध्ये पाटणची, दाराशी उंब्रजची. उरलेल्यांवर वाकळ टाकून ती निजायची. अक्षरओळख नव्हती, पण कुठलं गाठोडं कुणाचं हे नुसत्या गाठीवरून सांगायची. कडुनिंबाचा पाला, वेखंड, महिन्याला एकदा ऊन. माझ्या एकुलत्या ट्रंकेतला कोट कसरीने खाल्ला, तिच्या साठांतल्या एका धोतराला भोक नाही. मी थक्क व्हायचो आणि मनातल्या मनात जळायचोही.

पंचेचाळीसच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटणकडचा नाथाजी आला. त्याचा पोरगा आकाराम एक्केचाळीस साली लढाईवर गेलेला आणि सिंगापूर पडल्यापासून बेपत्ता. कैदेतली बाकीची पोरं परतू लागली होती, त्याची काहीच खबर नव्हती. आता भावकीने ठरवलं होतं, पोराचे दिवस घालून मोकळं व्हायचं. त्यासाठी त्याच्या अंगावरचं कापड हवं होतं. नाथाजीने हे सगळं जमिनीकडे बघत सांगितलं.

हरणाबाईने पाटणच्या वेळूवरचं गाठोडं काढून दिलं. नाथाजीने सदरा उलगडला आणि बाजूला सारला.

"ह्यो माज्या पोराचा न्हाई. त्येची छाती ह्येच्या निम्मीबी नव्हती."

"तवा नव्हती," हरणाबाई म्हणाली. "सतरा वर्सांचं पोर चार वर्सांत वाढंल का न्हाई? दर दसऱ्याला दोनी कुशींना बोटभर पट्टी लावतीया मी."

मी दारात उभा होतो. सदऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार पट्ट्या होत्या. कापड रेशनवर, म्हणून तिने आपलीच जुनी लुगडी फाडली होती, ती मी ओळखली. मिसरूड न फुटलेल्या प्रत्येक पोराच्या गाठोड्यात असाच सदरा होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी या बाईविरुद्ध तक्रार करायला निघालेल्या माझी मलाच लाज वाटली.

नाथाजी बराच वेळ त्या पट्ट्यांवरून बोटं फिरवत बसला.

"औंदाची लावली?"

"उद्या लावनार."

त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, शेवटाकडचं टोक दातात धरून फाडलं आणि तो तुकडा मशीनवर ठेवला.

"ह्येची लावा. अन् दोन बोटं लावा. त्येचा आजा लय दांडगा हुता."