शंभर टक्के पूर्ण वह्या

शाळा उघडायच्या आधी आम्हा शिक्षकांना तीन दिवस नुसतं बसायला बोलावतात. त्याला नियोजन म्हणतात. त्यात दरवर्षी ‘शिक्षकाची वार्षिक उद्दिष्टे’ नावाचा एक तक्ता भरायचा असतो. आमच्या पनवेलच्या शाळेत तो कसा भरतात ते सांगते. एक सर मागच्या वर्षीचा तक्ता ग्रुपवर टाकतात, बाकीचे वर्ष बदलतात, आपलं नाव घालतात आणि चहाला जातात. मराठी शिकवणाऱ्या एका बाईंचं ‘प्रयोगशाळेचा प्रभावी वापर’ हे उद्दिष्ट दोन वर्षं चाललं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्यांना हसले होते, पण माझ्या तक्त्यातही माझं असं काही नव्हतं. बावीस वर्षं मीही हेच केलं, खोटं कशाला बोलू?

यंदा मात्र मला खरोखरच एक उद्दिष्ट होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

गेल्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात करंजाड्याहून येणारी एक मुलगी होती. अक्षर असं की बघत राहावं. समास सरळ, तारीख कोपऱ्यात, शीर्षकाखाली पट्टीने ओढलेली रेघ. मी दर शनिवारी वह्या तपासते आणि तिच्या वहीवर दर शनिवारी लाल शाईने ‘छान’ लिहीत होते. तपासणीला साहेब आले तेव्हा नमुना म्हणून तिचीच वही पुढे केली. साहेबांनी पानं उलटली, मान डोलावली, मला शाबासकी मिळाली. घरी खांदा कॉलनीत परत येताना मी स्वतःवर खूश होते, हेही लिहून ठेवते.

फेब्रुवारीत एक दिवस मी चष्मा घरी विसरले. नेमकी वर्गात सूचना आली. मी त्या मुलीला उभं केलं, म्हटलं, वाच सगळ्यांना. तिने कागद दोन्ही हातांत धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, ‘सर्व विद्यार्थ्यांनी उद्या पूर्ण गणवेशात यावे.’ तिच्या शेजारची मुलगी वाकून बघत होती. ती म्हणाली, बाई, असं नाहीये, जंताच्या गोळ्यांचं लिहिलंय.

वर्ग हसला, मीही हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं.

मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन पुस्तकातला पहिला धडा काढला. तो तिने धडाधड म्हटला. मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा कोणता? ती पहिल्या ओळीपासून पुटपुटत सुटली आणि मोजत मोजत त्या शब्दापर्यंत आली. न झालेला धडा काढला तर गप्प. तिला वाचता येत नव्हतं. फळ्यावरची अक्षरं ती बघून काढत होती, आपण रांगोळी काढतो तशी. आणि मी आठ महिने त्या रांगोळीवर ‘छान’ लिहीत होते.

राग कुणाचा यावा? चार इयत्ता तिला पुढे ढकलणाऱ्यांचा आला, वह्या बघून मान डोलावणाऱ्या साहेबांचा आला. पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला, आणि तो अजून गेलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये मी तिला शिकवायची धडपड केली. अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या पुस्तकासमोर बसवलं की ती लाजून खाली बघते, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. प्रशिक्षणं ढीगभर झाली, त्यांचे फोटोही आहेत. वर्ष संपलं, ती सहावीत गेली.

म्हणून यंदा मी तक्त्यात लिहिलं, ‘वाचता न येणाऱ्या मोठ्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं, ते मी शिकेन.’ आणि खाली रोजचा एक तास मागितला.

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. “बाई, बावीस वर्षांच्या नोकरीनंतर शिकवता येत नाही, असं स्वतःच्या सहीने देताय?”

“येत नाही, म्हणूनच लिहिलंय.”

“आणि वरून विचारणा झाली, अशी मुलं पाचवीपर्यंत आली कशी, तर? किती जण अडकतील?” मग ते जरा मऊ झाले. “तास कुठून देऊ? ऑनलाइन माहिती भरायला मला तुम्हीच लागता. मोजता येईल असं काहीतरी लिहा. मागच्या वर्षी तुमचं वह्यांचं शंभर टक्के झालं होतं. तेच ठेवा.”

माझ्या तोंडावर आलं होतं की त्या शंभर टक्क्यांत तीही आहे. पण ‘शंभर टक्के वह्या पूर्ण करून घेणे’ लिहिलं, सही केली आणि दिवसभर ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिले.

तास नाही तर नाही. सकाळचे मोठे वर्ग अकराला सुटतात, आमची शाळा दुपारची, साडेबाराची. मुलगी तासभर आधी आली तर? पण त्यासाठी तिच्या आईला सांगायला हवं होतं, आणि काय सांगायचं ते मला चांगलंच ठाऊक होतं. रिक्षाने करंजाड्याला गेले. बारा-बारा मजली इमारतींच्या मागे त्यांचं जुन्या गावातलं घर. आई पावसाळ्यासाठी सुकट बरण्यांत भरत होती. मला बघून चपापली.

“बाई, तुमी? पोरीनं काय केलं काय?”

तिने काही केलेलं नाही म्हटल्यावर ती खुलली. हात धुऊन कपाटातून पिशवीत गुंडाळलेल्या वह्या घेऊन आली. “ह्या बगा. पावनं आलं की ह्याच काढून दाखविते मी. मला नाय वाचता येत, पन तुमी लाल शाईनं काय लिवता ते पोरगी सांगते.”

रिक्षात जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. “ताई, तिला वाचता येत नाही.”

ती हसली. “नाय वो, एवढं लिवते की.” मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. वही माझ्यापुढे उघडी ठेवली. “मंग ह्ये तुमी कशाला लिवलंत?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. आयुष्यात कुणा पालकाला मी हे म्हटलं नव्हतं. ती परत बरण्यांकडे वळली, बराच वेळ सुकट भरत राहिली. शेवटी पाठमोरीच म्हणाली, “किती वाजता पाठवू?”

शाळा सुरू झाल्यावरच्या सोमवारी साडेअकराला वर्ग रिकामा होता. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द लिहून त्याच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. मी टेबलावर त्या मांडत असताना ती आली आणि पहिल्या बाकावर बसली. मान वर केली तेव्हा तिने नवी वही उघडून समास आखला होता. सकाळच्या दहावीच्या वर्गाने फळ्यावर भूमितीचं प्रमेय तसंच ठेवलं होतं, आणि ती ते सुंदर अक्षरात उतरवून घेत होती.

मी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागले.

“बाई, थांबा न,” ती घाबरून म्हणाली, “माजी वही पूर्न नाय झाली.”