मीच विकलेला डबा

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत प्लास्टिकचे डबे विकणाऱ्या काकू दर वाक्यामागे "समजलं का वं?" म्हणत. पाण्यानं भरलेला डबा उलटा धरून थेंबही गळत नाही हे दाखवत आणि स्वतःच खूश होत.

गेल्या महिन्यात त्यांना शुगर निघाली. गरम अन्नात प्लास्टिकमधली रसायनं उतरतात, ती हार्मोन्स बिघडवतात, शुगरलाही हातभार लावू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्याच सकाळी काकू गिऱ्हाइकांच्या दारोदार निघाल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी गरम वरण त्यांच्याच डब्यात काढत होते.

"यात गरम ठेवू नको वं. मीच विकला तुले."

"तुमची शुगर यानंच वाढली का?"

"ते डॉक्टरलेही सांगता येत नाही. पण मले समजलं, आता चूप कशी राहू?"

वरण पातेल्यात ओतून त्यांनी शेजारची बेल वाजवली. तिथे आदल्याच दिवशी त्यांनी नवा संच विकला होता.