आग्नेय कोपऱ्यातला बॉयलर

आमच्या घराच्या आग्नेय कोपऱ्यात, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल असा, कोळशाचा एक बॉयलर उभा आहे. तो घ्यायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि जिच्या नावानं घेतला त्या माझ्या सासूलाही नाही. पाणी तापवायचं काम आमच्याकडे जन्मभर बायकांनी केलं. पण ते कशावर तापवायचं याची अक्कल मात्र निवृत्त सुभेदारांना असते.

सुभेदार म्हणजे आमचे मालक. पलटणीतून घरी आल्यावर त्यांनी वाईजवळच्या आमच्या गावात स्लॅबचं घर बांधलं. पोरं पुण्यात नोकरीला, त्यामुळं घरात माणसं तीनच: ते, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

आत्याबाईंचे गुडघे आणि हाताची बोटं सकाळी आखडलेली असतात. अंथरुणातून उठणं हेच एक काम होऊन बसतं. पण कढत पाण्याचे तांबे गुडघ्यांवर पडले की त्या चालत्या होतात. मग वेणीफणी करून देवळात जायचं, येताना चार घरी डोकवायचं, कुणाची सून कुणाशी भांडली ते ऐकून यायचं आणि मला सांगायचं, हा त्यांचा दिवस. आंघोळ कढत झाली तर हे सगळं, नाही तर दिवसभर भिंतीला टेकून बसणं. एवढं साधं गणित होतं ते.

त्यासाठी मागच्या दारी तांब्याचा बंब होता. तुरकाट्या, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, जे हाताला लागेल ते त्या त्यात कोंबायच्या आणि पेटवायच्या. धूर व्हायचा, खोकला यायचा. आईनं या वयात फुंकर मारत बसावं हे मालकांना बघवेना. इथपर्यंत त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढचं सगळं चुकलं.

पर्याय नव्हते असं नाही. चुलत दिरांच्या गच्चीवर सोलर आहे, आणि त्यांच्याकडे भांडी घासायलासुद्धा गरम पाणी असतं. तेवढ्यामुळंच सोलर बाद झाला. भावकीनं केलेलंच आपण केलं तर त्यात मिरवायचं काय? तोंडानं मात्र सांगितलं, पावसाळ्यात ऊन नसतं. गॅसचा गिझर बाद, कारण त्यात कुणीतरी गुदमरल्याचं मोबाईलवर आलं होतं. विजेचा बाद, कारण वीज जाते. उरला कोळसा.

"पलटणीत थंडीच्या पोस्टिंगला बॉयलर हुता," ते म्हणाले. "भायेर बर्फ, आन आत आमी बनियनवर. पायपातनं गरम पानी फिरायचं, खोली कशी उबदार. लय झ्याक काम."

"आवं, तितं बर्फ हुता," मी म्हणाले. "हितं काय हाय?"

"तुला काय कळतंय? तुमची सांगली म्हंजी नुसती भट्टी."

माझं माहेर सांगलीकडचं, हे खरं. पण भट्टीतल्या माणसाला निदान आग कशाशी खातात हे ठाऊक असतं. ज्यांनी जन्मात काडी ओढली ती फक्त बिडीसाठी, त्यांनी मला शिकवावं!

शिरवळच्या एका वर्कशॉपमध्ये कारखान्यांसाठी टाक्या आणि बॉयलर करून देतात. तिथं मलाही नेलं, का ते अजून कळलेलं नाही. मालकांनी तिथल्या माणसाला खोल्या सांगितल्या, पाहुणे सांगितले, सणावारी येणारी भावकी सांगितली. त्यानं विचारलं, "लॉज काढताय का साहेब?" यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी टाकी आणखी एक माप वाढवून घेतली. शिवाय हॉलमध्ये भिंतीला लावायचा लोखंडी पंजरा, ज्यातून गरम पाणी फिरणार आणि हॉल उबदार होणार. हॉलमध्ये आमचा पंखा संक्रांतीनंतर सुरू होतो तो दिवाळीला बंद होतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ते हेच.

मग तो बसवायचा कुठं? न्हाणीघर घराच्या मागं, वायव्येला. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, न्हाणीच्या भिंतीला लागून बसवा. पण आमच्याकडे नात्यातला एक वास्तुशास्त्रवाला येतो, अगदी उंटावरचा शहाणा. त्यानं होकायंत्र काढलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "अग्नी आग्नेयेलाच." आग्नेय कोपरा म्हणजे पुढचं फाटक. मालकांनी लगेच मान डोलावली. शास्त्र आणि मिरवायची हौस एकाच कोपऱ्यात भेटल्यावर बायकोला कोण विचारतो! बॉयलर फाटकाशी, न्हाणी मागच्या टोकाला, आणि मधे अख्ख्या घराला वळसा घालून, हॉलमधल्या पंजऱ्यातून फिरून येणारा पाईप.

राहिला कोळसा. मालकांची खात्री होती की तो लोणंदला मिळणार. "रेल्वे हाय म्हंजी कोळसा आसनारच की," असं म्हणून ते पोती घेऊन गेले आणि तशीच पोती घेऊन परत आले. कोळशावर चालणाऱ्या गाड्या बंद होऊन जमाना झाला हे त्यांना स्टेशनातल्या चहावाल्यानं सांगितलं म्हणे. शेवटी एका वीटभट्टीवाल्याकडून दगडी कोळशाचा चुरा आणला. तो पेटेना, तर म्हणाले कोळसाच खराब. नाचता येईना अंगण वाकडं.

गणपतीच्या आधी बॉयलरची पूजा झाली. नारळ फोडला, धुराड्याला हार घातला. तांब्याचा बंब चिंचेनं घासून हॉलमध्ये शोभेला ठेवला आणि त्यात प्लास्टिकची फुलं खोचली. मालक अंगात जर्सी, डोक्याला मफलर अशा अवतारात पहाटे ड्यूटीवर हजर. कोळसा एकदाचा पेटला, धूर शेजाऱ्यांच्या वाळवणावर गेला, टाकी तापली. मग त्यांनी ऑर्डर सोडली: "पैली आंघोळ आयेची. तिच्याआधी नळाला कुनी हात लावायचा न्हाई."

आता बघा. रात्रभर त्या लांबलचक पाईपात उभं राहिलेलं पाणी थंडगार. ते सगळं वाहून जाईल तेव्हा मागचं गरम पाणी येणार. म्हणजे जो पहिला न्हाणार त्याच्या वाट्याला गार पाणी, आणि जो मागून न्हाणार त्याला कढत. मान म्हणून पहिला नंबर आईला दिला आणि मानाबरोबर हे पाणी दिलं. स्वतः दुसऱ्या नंबरला न्हायचे, अंगातून वाफा निघत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "बगितलंस? पानी हाय का विस्तू?"

गरम येईपर्यंत पाणी सोडून द्या, असं मी आत्याबाईंना सांगितलं. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी दूध ओतून द्यायला सांगितलंय. विहिरीवरून डोक्यावर घागरी आणलेली बाई ती. "चांगलं पानी मोरीत सोडू? डोस्कं फिरलं का काय माजं?" मग मी गॅसवर पातेलं तापवून न्हाणीच्या दाराशी ठेवलं. ते तसंच भरलेलं परत आलं.

"न्हाई घेनार मी," त्या म्हणाल्या. "तुजं पानी घेतलं म्हंजी त्येच्या नव्या बंबाला नाव ठेवल्यागत हुतंय. हौसेनं केलंय पोरानं."

पोर म्हणजे साठीला आलेले सुभेदार.

मी गप्प बसणारी नाही. मालकांना तोंडावर सांगितलं, तुमच्या आईला रोज गार पाणी मिळतंय. त्यांनी तिथूनच हाळी दिली, "आये, पानी झ्याक हाय न्हवं?" आतून उत्तर आलं, "लय झ्याक हाय रं!" झालं. माझ्याकडे असं बघितलं, की मीच भावकीची हस्तक. पुढं दिवाळीपर्यंत हाच तमाशा. पाहुणा आला की त्याला बॉयलर दाखवायचा, मग हाळी द्यायची, मग आतून तेच उत्तर. आणि आत्याबाई दुपारपर्यंत भिंतीला टेकून, पाय पसरून. देवळात जाणं सुटलं. विचारलं तर म्हणायच्या, "देव काय पळून जातोय व्हय?" मला दोघांचाही सारखाच राग यायचा. एक बढाईत आंधळा, आणि दुसरी त्या आंधळ्याला काठी पुरवणारी. ही माया म्हणे! असल्या मायेनंच आमच्याकडचे पुरुष साठीपर्यंत पोर राहतात.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्याकडे बायका आधी न्हाऊन घेतात आणि मग पुरुषांना तेल लावतात. मालक फौजेत असताना दिवाळीला क्वचितच घरी असायचे, म्हणून आता दरवर्षी आईकडूनच तेल लावून घेतात. त्या दिवशीही आत्याबाई पहिल्यांदा न्हाल्या आणि भिंतीचा आधार घेत ओसरीवर आल्या. हे पाटावर उघडे बसले होते, समोर रांगोळी, बाजूला तेलाची वाटी. पुण्याहून आलेल्या पोरांना बॉयलरचं पुराण सांगणं चाललं होतं.

आत्याबाईंनी तेलात बोटं बुडवली आणि पाठीवर हात ठेवला. मालक दचकून पुढं सरकले.

"आये, हात केवढा गार हाय गं!"

"आत्ताच न्हाले न्हवं."

"आगं मग न्हाल्यावर हात ऊन..." ते बोलता बोलता थांबले. मागं वळून त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. बोटं उलगडत नव्हती. त्यांनी ती एकेक करून उलगडायला बघितलं, तर आत्याबाईंनी दातांवर दात धरले.

माझ्या तोंडात केव्हापासून साठलेलं सगळं बोलणं मी तसंच ठेवलं, कारण मालक आता माझ्याकडे बघतच नव्हते.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"तू बंब बसावल्यापास्नं."

"मी रोज इचारत हुतो की तुला."

"इचारत कुटं हुतास?" आत्याबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "झ्याक हाय म्हनून तूच सांगत हुतास. मी व्हय म्हनत हुते."

मालकांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी हात सोडवून घेतला, त्यांची हनुवटी धरून मान सरळ केली आणि त्या गार बोटांनी कानामागं तेल लावलं. "हलू नगंस," त्या म्हणाल्या, "पाठ ऱ्हायलीय अजून."