धर्माचा रकाना

१९ ऑगस्ट १९६८, सोमवार. कंट्रोलचा तांदूळ आला होता आणि तो निवडायचा होता. ओसरीवर सतरंजी टाकून मी आणि दुपारचे वर्ग नसलेल्या पाच-सहा मुली सुपं घेऊन बसलो होतो.

"बाई, यातले खडे काढाचे का तांदूळ?" एकीनं विचारलं.

"जे कमी असतील ते," मी म्हटलं.

मी त्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. बालाघाटच्या कॉलेजात शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलींसाठी सरकारनं ते काढलं होतं. खोली, दोन वेळचं जेवण आणि कॉलेजच्या कपाटातून वर्षभरासाठी पुस्तकं. शहरात आमच्या लोकांना भाड्यानं खोली मिळत नसे. त्यामुळे वसतिगृहात जागा असेल तर कॉलेज, नसेल तर परत गाव. मधलं काही नव्हतं.

पहिल्या वर्षाची एक मुलगी कटंगीकडच्या खेड्यातून आली होती. अबोल, कामाला चटपटीत. शनिवारी जिल्ह्याच्या कार्यालयातून तिच्याबद्दल कागद आला. शाळेच्या दाखल्यात धर्म बौद्ध लिहिलेला आहे, बौद्ध अनुसूचित जातीत धरले जात नाहीत, बुधवारपर्यंत योग्य दाखला द्यावा, नाहीतर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला द्यावी. कार्यालयाची चूक नव्हती. नियमच तसा होता.

धर्म आमच्यात गावंच्या गावांनी एकदम बदलला, कागद मात्र फार थोड्यांनी बदलले. घरातले देव लोकांनी नदीत सोडले, पण शाळेच्या रजिस्टरात जे चालत आलं होतं ते चालू दिलं. काहींना सुचलंच नाही, काहींनी पुढचा विचार केला. माझ्या बाकीच्या सगळ्या मुलींच्या दाखल्यांवर हिंदूच होतं. या मुलीचा बाप तसा नव्हता. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यानं मुलीला शाळेत घातलं. गुरुजी म्हणाले होते, राहू द्या, पुढं अडेल. तो ऐकला नाही. गुरुजींनी रकान्यात बौद्ध लिहीपर्यंत तो टेबलासमोरून हलला नाही, असं मुलीनंच मला एकदा सांगितलं होतं.

कागद आला त्याच दिवशी मी कटंगीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला होता. सोमवारी दुपारी तांदूळ निम्मा झाला असेल, तेव्हा मुलीचा बाप फाटकातून आत आला. हातात छत्री आणि पोह्यांची पिशवी. मी त्याला ओसरीवरच बसवलं आणि कागद वाचून दाखवला.

"मंग आता?" त्यानं विचारलं.

"शपथपत्र द्या लागते, भाऊ. हिंदू लिहा लागते अन् जुनी जात लिहा लागते. त्याच्यावर तहसीलदार दाखला देते. उद्या अर्ध्या दिवसाचं काम हाये."

"काहून?"

"नियम हाये."

"तुमसरले माह्या साळ्याची पोरगी शिकून राह्यली. तिच्या कागदावर बौद्धच हाये. तिले सवलत भेटते." तो शांतपणे बोलत होता. "कटंगीहून एका बसचा रस्ता. सरहद्दीच्या तिकडचा बौद्ध गरीब, अन् इकडचा काय सावकार झाला?"

"तिकडं मराठी राज्य हाये, त्याचा नियम अलग हाये. तुमी तिकडं राहत नाही."

"अकरा वर्सं झाले, घरात ते जुनं नाव कोनाले घेऊ देल्लं नाही म्या. हिच्या आजीलेबी नाही. आता म्याच सरकारले लिहून देऊ?"

"कागद हाये भाऊ. कागदाले कोन पायते?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमी तं पौर्णिमेले बुद्धवंदनेले जाता, पोरीनं सांगतलं. तुमच्या कागदावर काय हाये?"

मुलींची सुपं थांबली. दीक्षेच्या आधीपासून मी सरकारी नोकरीत होते. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगायला गेले नव्हते.

"जुनंच," मी म्हटलं.

"हौ," तो म्हणाला.

तो रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. नोकरी, दोन लहान पोरं, नवरा गेलेला, ही सगळी उत्तरं तयार होती. ती त्यानं मागितलीच नाहीत.

त्यानं छत्री उचलली. "चाल वं," मुलीला म्हणाला. "तुही पेटी घे."

मुलगी खांबाजवळ सूप घेऊन बसली होती. ती उठली नाही. "बाबा, सही मी करीन."

"तू?"

"मले जूनमंदी अठरा झाले. बाई, माही सही चालते का?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. बापानं ते मानलं असतं आणि बाप-लेक चारच्या बसनं एकत्र गेले असते. "चालते," मी म्हटलं.

"काय लिहून देशीन?" बापानं विचारलं. "का तू कोन होये?"

"मले शिकाचं हाये, बाबा."

"म्या ते नाही विचारलं."

ती सुपातले तांदूळ बोटानं पसरत राहिली. त्याला द्यायला एका मुलीनं पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही. "दिवाळीच्या सुट्टीत येशीन तं मामाकडे जाय," एवढं म्हणून तो निघाला. पोह्यांची पिशवी तिथंच राहिली. मुद्दाम ठेवली की विसरला, कळलं नाही. फाटक त्यानं नीट लावलं.

मुली माझ्याकडे पाहत होत्या. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मला वाईटही वाटत नव्हतं आणि बरंही. हात सुपावर चालत होते, तेवढं कळत होतं. अंधार पडायच्या आत तांदूळ डब्यात गेला. ती मुलगी जेवली. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन कचेरीत गेले. बाहेरच्या शेडमध्ये अर्जनवीस टाईपरायटर घेऊन बसला होता. त्याला हा मजकूर पाठ होता. त्यानं मुलीचं वय आणि गाव विचारलं, बाकीचं न विचारता टाईप केलं आणि मान वर केली.

"पहचान कौन देगा?"

"मैं," मी म्हटलं. "छात्रावास की अधीक्षिका."

"आपका धरम?"

तोवर हे काम माझी सेवापुस्तिका करत आली होती. मला कधी तोंड उघडावं लागलं नव्हतं.

"हिंदू," मी म्हटलं.

त्यानं ते टाईप केलं. मुलीनं सही केली, तिच्या खाली मी केली. तिला कागद देऊन तहसीलदाराच्या दारापुढच्या रांगेत उभं केलं, दाखला हातात पडल्याशिवाय हलू नको म्हणून बजावलं, आणि मी लाकडाच्या टालावर गेले. पावसाळ्यात वाळलेलं लाकूड लवकर संपायचं.