ओझिल्डा मावशींची सापळ्यांची वाट

ला रोंड सरोवराच्या काठावर कुणालाही विचारा, ओझिल्डा देन्यो मावशींइतकी फटकळ आणि तितकीच जीव लावणारी बाई दुसरी मिळायची नाही. वय सदुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, आणि बर्फगाडी अशी हाणतात की पुतणे मागे बसायला तयार नसतात. चौदाव्या वर्षी त्या बापाच्या मागोमाग सापळ्यांच्या वाटेवर गेल्या. मग लग्न, वैधव्य, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्या वाटेच्या अधेमधे उरकलं. वाट म्हणजे सरोवरापासून पश्चिमेला तेवीस मैल जंगल. कागदोपत्री ते सरकारचं, पण तिथे फरासाठी जनावर धरण्याचा परवाना एकट्या मावशींचा. तिथल्या मार्टेनांनाही, म्हणजे मुंगसाएवढ्या त्या मऊ फरच्या जनावरांनाही, हे ठाऊक असावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दर वर्षी वाटेचा एक तुकडा त्या मोकळा सोडत. तिथे सापळ्याची एकही पेटी लावायची नाही, ही बापाची शिस्त. धरलेल्या प्रत्येक मार्टेनचं सोललेलं डोकं गोठवून वन्यजीव खात्याकडे पाठवायचं, ही सरकारची. तिथे दात तपासून वय काढतात आणि पुढच्या वर्षी किती धरू द्यायचे ते त्यावर ठरतं.

“मावशी, डोकी पाठवलीस का?” असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

“पाठवली की. तुझं तेवढं राहिलंय, पण त्यात तपासायला काही सापडेल असं वाटत नाही.”

गेल्या उन्हाळ्यात सरोवराच्या पूर्वेला वणवा लागला. तिकडे सापळे लावणाऱ्या आल्सीद बूव्हिएची निम्मी वाट जळून कोळसा झाली. आणि नोव्हेंबरात मावशींच्या बर्फावर पाहावं तिथे मार्टेनची पावलं! असा हंगाम त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांना हाव सुटली. मोकळ्या सोडायच्या तुकड्यातही त्यांनी पेट्या ठोकल्या. दहा दिवसांत एकोणीस मार्टेन.

अकराव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात त्या सोलायला बसल्या. सोललेल्या डोक्यावरून अंगठा फिरवायची त्यांना सवय होती. जबड्याचे दोन स्नायू वर डोक्याच्या टाळूवर येतात. पिल्लाच्या टाळूवर त्यांच्यामध्ये फट असते, वयस्क मादीत ती बुजलेली. पहिलं डोकं बुजलेलं. दुसरंही. सातव्यापर्यंत रेडिओवरचं गाणं त्यांना नकोसं झालं. एकोणिसात पिल्लं चारच, मोठे नर चार, आणि वयस्क माद्या अकरा! चांगल्या वर्षी एका मादीमागे तीन पिल्लं तरी असतात.

ही त्यांच्या जंगलाची वाढ नव्हतीच. जळितातून जीव घेऊन पळालेल्या आया होत्या त्या, पिल्लं मागे आगीतच गेलेली. उन्हाळ्यात जुगलेली मादी वसंतात विते, म्हणजे पुढची पिलावळही त्यांच्याच पोटात होती. मावशींना रडू फुटलं. मेलेल्या मार्टेनसाठी त्या कधी रडल्या नव्हत्या. बापाची शिस्त आपणच मोडली, याचं ते रडू होतं.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस खपून त्यांनी सगळ्या पेट्या बंद केल्या. परतताना गोठलेल्या सरोवरावर आल्सीद भेटला.

“काय गं मावशी, इतक्यात संपलं? गुडघा दुखतोय का?”

“गुडघा ठणठणीत आहे. माद्याच माद्या येतायत रे. तूही थांब.”

“मी थांबू? माझी अर्धी वाट जळालीय, आणि उरलेल्या अर्ध्यात तरी जनावर आहे!” मग तो म्हणाला, “साठ नेमून दिलेत तुला. निम्मे नाही धरलेस तर वाट फरवाल्यांच्या सभेपुढे येईल. आणि आली तर मी मागणार, आताच सांगून ठेवतो.”

“माग की. तोंडावर सांगितलंस, बरं केलंस. आता हो बाजूला, नाहीतर गाडी अंगावर घालीन.”

नियम तोच होता. जो वाट वापरत नाही, त्याची वाट दुसऱ्याला देता येते. घरी येऊन मावशींनी चहा केला आणि तसाच गार होऊ दिला. त्रेपन्न वर्षं चाललेली वाट हातची जाणार होती.

जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये फरवाल्यांची सभा भरली. मूस हरणाच्या मांसाचा रस्सा झाला, तव्यावरचा पाव झाला, आणि अध्यक्ष जर्मेन बाईंनी वाचलं, “ओझिल्डा देन्यो. साठपैकी एकोणीस.”

मावशी उठल्या. “आकडा बरोबर आहे. त्यातही सात तर मी मोकळ्या तुकड्यातून उचलले, ते तुमच्या कागदावर नाही. चूक माझी. वाट घ्यायची तर घ्या. पण जो घेईल त्याने दोन वर्षं तिथे पेटी लावायची नाही. एवढं कबूल करा, वाटेवरच्या झोपडीची किल्ली मी आत्ता देते. तिथली शेगडी धुरकट आहे, तिला खालून फुंकावं लागतं.” एवढं बोलून त्या खाली बसल्या.

“या वाटेसाठी कुणाचा अर्ज?” जर्मेन बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या माना आल्सीदकडे वळल्या. तो ताटलीतला रस्सा पावाने पुसत होता, कधीचा संपलेला.

“आल्सीद?”

“नाही.”

“अर्ज नाही,” जर्मेन बाईंनी लिहून घेतलं. “वाट देन्यो यांच्याकडेच.”

सभा उठली तेव्हा आल्सीद मावशींच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. “उद्या घरी येशील? माझ्याकडे एकतीस डोकी आहेत. पिशवीत तशीच टाकलीत.”

“हात लावून पाहिलं नाहीस?”

“नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. टोमणा जिभेवर आलेला होता, सगळा हॉल त्याची वाट बघत होता. त्यांनी तो गिळला आणि म्हणाल्या, “सकाळीच येते. आणि येताना तुझ्या पेट्या काढायला हातोडी आणते.”