ओळंब्यातली भिंत

पुंडलिकनगरातलं घर विकायला काढलं, तेव्हा एजंट खोल्या बघायच्या आधी भिंतीपाशी गेला. माझ्या आणि शेजारच्या अंगणामधली भिंत. तिच्यावर थाप मारून म्हणाला, "काका, घराला भाव आहे तो हिच्यामुळं. आजकाल गिऱ्हाईक आधी कंपाउंड बघतं."

"ती पाडायचीय मला."

"येड लागलं का काका? पाडली तर घर तसंच पडून राहील."

त्याला काय सांगणार, कप्पाळ! ही भिंत पाडायचा शब्द दिला होता मी.

आम्ही पिशोरकडचे धनगर. बाप मेंढरं राखायचा, मी शिकून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. शेजारी माझ्याच पाळीत कामाला. तो बौद्ध. दोघांनी लगोलग प्लॉट घेतले, विटा एकाच ट्रकमधून उतरवल्या. अंगण एकच होतं. त्याची बायको आमच्या हापशावर धुणं धुवायची आणि आमची बायको तिच्यापाशी बसून तांदूळ निवडायची.

मग विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. मोर्चे, बंद, रोज नवी बातमी. कारखान्याच्या बसमध्ये माणसं दोन बाजूंना बसायला लागली. गावाकडून माझे भाऊबंद आले आणि अंगणात उभं राहून म्हणाले, "हे असं उघडंच ठेवणार व्हय?" भ्यालो मी. शेजाऱ्याला नाय, माझ्याच माणसांना.

रविवारी मी स्वतःच थापी हातात घेतली. शेजाऱ्याला म्हटलं, "चार दिवस असू द्या. निवळलं की काढू." खोटं बोलत नव्हतो. आमच्यात मेंढरांभोवती जाळीची वाघर लावतात ती सांजेला, आणि सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकतात. कुंपण म्हणजे एवढंच, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. विटा-सिमेंटची वाघर गुंडाळता येत नाय, एवढी अक्कल नव्हती मला.

चौथ्या थराला भिंत वाकडी व्हायला लागली. शेजारी त्याच्या दारातून बघत होता. मग आत गेला आणि ओळंबा घेऊन आला. त्याचा बाप गवंडी होता, त्याचा तो ओळंबा. म्हणाला, "बांधताय तर सरळ बांधा भाऊ. उद्या लेकरांच्या अंगावर यायची." आणि दिवसभर तो ओळंबा धरून उभा राहिला. शेवटचे थर लावताना मला त्याचे फक्त हात दिसत होते.

दिवस निवळले. विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी पलीकडं पेढे वाटले, हसण्याचे आवाज आले. जावं असं लई वाटलं. गेलो नाय. कुठल्या तोंडानं जाणार? बायको विचारायची, "कधी काढताय भिंत?" मी म्हणायचो, "काढू की, दिवाळी होऊ दे." अशा किती दिवाळ्या गेल्या! शेजाऱ्यानं घर विकलं, तेही पलीकडं सामानाचा टेम्पो लागला तेव्हा कळलं. बायको शेवटच्या आजारपणातही तेच विचारत होती.

आता पोरगं पुण्याला. अंगणात खुर्ची टाकली की समोर भिंत. चहा एकट्यानं गिळवत नाय, पण हाक मारावी असं कुणी उरलं नाय. सांगणार कुणाला?

परवा बिडकीनच्या नव्या कारखान्यातला एक तरणा साहेब बायकोला घेऊन आला. घर त्यांना पटलं, आणि पटलं ते भिंतीमुळंच. तो भिंतीच्या कडेला डोळा लावून खालून वर बघत राहिला.

"एवढ्या वर्षांत जरा पण झुकली नाही. मिस्त्री कोण होता हो काका?"

"शेजारी होता."

"आता कुठं असतात? पुढच्या बाजूलाही अशीच बांधून घ्यायचीय आम्हाला."

शेजाऱ्याचा टेम्पो निघाला त्या दिवशी मी दार लावून घरात बसलो होतो. पत्ता विचारलाच नव्हता.

"ठाऊक नाय," म्हटलं, आणि सौद्याच्या कागदावर सही केली.